क्रीडासंस्था आणि लोकविश्वास

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून लातुराकडे पाण्याची आगगाडी निघाली. दहा टाक्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी भरून ती १२ एप्रिल रोजीं लातुरास पोंचली. ही गाडी गेली ती सोलापूर जिल्ह्यांतून. पंढरपूर, कुर्डुवाडी व बार्शी हीं तिच्या वाटेवरचीं गांवें. त्या वेळीं उजनी धरणांतील उपयुक्त साठा संपून गेला होता आणि खुद्द सोलापूरकरांची तहान मृत साठ्यांतील पाण्यावर भागत होती. दुष्काळ या जिल्ह्याला नवा नाहीं. परंतु आपल्या दारावरून रुळांवर चाललेलें पाणी पाहण्याचा प्रसंग मात्र विरळाच म्हटला पाहिजे.

त्याच आठवड्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें एक वेगळाच प्रश्न उभा होता. इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेटच्या स्पर्धेचे कांहीं सामने मुंबई, पुणें व नागपूर येथें व्हावयाचे होते. मैदानांवरील हिरवळ व खेळपट्ट्या राखण्यासाठीं सुमारें साठ लक्ष लिटर पाणी लागेल. राज्यांत माणसें व गुरें तहानेलीं असतां हा व्यय कशासाठीं, असा आक्षेप एका जनहित याचिकेंत घेण्यांत आला होता. पिण्याच्या पाण्याऐवजीं शुद्ध केलेलें सांडपाणी वापरूं, अशी तयारी क्रिकेटच्या चालकांनीं दाखविली. तरीहि १३ एप्रिल रोजीं न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे सर्व सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांत हात घालण्याचें नाकारलें, आणि मुंबईंत व्हावयाचा अंतिम सामना २९ मे रोजीं बंगळूरला खेळला गेला.

हिशेब करूं गेल्यास साठ लक्ष लिटर म्हणजे त्या पहिल्या पाणीगाडीच्या बारा खेपा. आंकडा लहान नाहीं. पण फार मोठाहि नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत जो ऊस पिकतो त्याच्या एका हेक्टरास एका हंगामांत याहून अधिक पाणी लागतें. सामने राज्याबाहेर गेल्यानें उजनीची पातळी बोटभरहि वाढली नाहीं, किंवा बार्शीच्या एखाद्या घरांतील रिकामा हंडा भरला नाहीं. मग लोकांचा रोष एवढा कां झाला? सांडपाणी वापरूं असें सांगणाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास लोक राजी कां झाले नाहींत?

कारण तो शब्द अगोदरच स्वस्त झाला होता. २०१३ सालीं याच स्पर्धेंत पैसे घेऊन खेळ केल्याच्या आरोपावरून कांहीं खेळाडू पकडले गेले होते. २०१५ सालीं न्यायमूर्ति लोढा यांच्या समितीनें चेन्नई व राजस्थान येथील दोन संघ दोन वर्षांकरितां स्पर्धेबाहेर ठेविले होते. ज्याचे मागचे हिशेब पुरे झालेले नाहींत त्यानें नवा हिशेब मांडला तर तो बरोबर असूनहि कोणी ऐकून घेत नाहीं. क्रीडासंस्थांविषयीं लोकांच्या मनांत जो अविश्वास दिसतो त्याचें मर्म हें असें आहे. तो एखाद्या सामन्यापुरता नसतो; तो मागील बाकीवर चढलेल्या व्याजासारखा असतो.

क्रिकेटचा खेळ मुख्यत्वें दहाबारा देशांतच रुजलेला आहे. फुटबॉलचें साम्राज्य मात्र सगळ्या पृथ्वीवर पसरलेलें आहे. म्हणून हाच प्रश्न त्या खेळांत अधिक मोठ्या प्रमाणावर व अधिक स्पष्ट दिसतो. तो समजून घ्यावयाचा तर प्रथम त्या साम्राज्याची घडण कशी आहे, हें पाहिलें पाहिजे.

२१ मे १९०४ रोजीं पॅरिस येथें युरोपांतील सात राष्ट्रांच्या संघटनांनीं मिळून एक आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. 'फिफा' या नांवानें तो जगभर ओळखला जातो. त्याचें ठाणें स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरीं असून २११ संघटना त्याच्या सभासद आहेत. आपल्याकडील अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ सालीं जन्मास आला व १९४८ सालीं फिफाचा सभासद झाला. सोलापुरांतील एखाद्या शाळेची मुलगी उत्तम फुटबॉल खेळूं लागली आणि तिनें देशासाठीं खेळण्याची इच्छा धरली, तर तिची वाट ठरलेली आहे. प्रथम जिल्ह्याची संघटना, तिच्यावर मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्यावर दिल्लीचा अखिल भारतीय महासंघ, त्यावर क्वालालंपूर येथील आशियाई महासंघ, आणि सर्वांत वर झुरिच. या शिडीच्या प्रत्येक पायरीवर एकच संस्था बसलेली असते. व्यापाऱ्याचा माल पसंत पडला नाहीं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत जातें. पण येथें शेजारचें दुकानच नाहीं. एका देशांत एकाच संघटनेस मान्यता, असा त्या राज्याचा मूळ नियम आहे.

ही एकाधिकाराची रचना निष्कारण निर्माण झालेली नाहीं. खेळाचे नियम जगभर एकच असावे, एका देशाच्या नांवानें दोन संघ उभे राहूं नयेत, यासाठीं ती आवश्यक होती. परंतु तिच्यामुळें एक विलक्षण परिणाम होतो. फिफाचा अध्यक्ष निवडतात त्या राष्ट्रीय संघटना, आणि प्रत्येक संघटनेस मत एकच. कोट्यवधि वस्तीच्या भारताचें मत एक आणि समुद्रांतील एखाद्या चिमुकल्या बेटाचें मतहि एकच. उलट, स्पर्धांतून मिळालेला पैसा या संघटनांना वाटून देतें तें झुरिचचें मुख्य ठाणें. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचें उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरांहून अधिक झालें. आणि २०२३ ते २०२६ या चार वर्षांकरितां प्रत्येक संघटनेस ऐंशी लक्ष डॉलरांपर्यंत साहाय्य देण्याची योजना आंखली गेली. गरीब देशांतील मैदानांना यांतून मदत होते, हें खरें आहे. परंतु देणारा आणि ज्यास मत द्यावयाचें तो एकच असला, म्हणजे घेणारा कठोर प्रश्न विचारील अशी आशा कितपत करावी? प्रेक्षक, खेळाडू आणि ज्यांच्या करांतून मैदानें बांधलीं जातात ते नागरिक, या तिघांपैकीं कोणासहि या निवडणुकींत मत नाहीं. अधिकार वर चढत जातो, खर्च खालीं उतरत येतो, आणि जाब विचारण्याची सोय मात्र शिडीच्या कोणत्याच पायरीवर नसते.

या राज्याचा दुसरा महत्त्वाचा नियम म्हणजे बाहेरच्यांनीं हस्तक्षेप करूं नये हा. राष्ट्रीय संघटनेनें आपला कारभार स्वतंत्रपणें चालवावा. सरकार, न्यायालय किंवा अन्य कोणी तिच्या कारभारांत शिरल्यास तिचें सभासदत्व स्थगित व्हावें, असा तो नियम. याचा मूळ हेतु चांगला होता. अनेक देशांत मंत्री व सेनाधिकारी संघांत कोणास घ्यावें, अध्यक्ष कोण व्हावा, हें आपल्या मर्जीनें ठरवूं लागले होते. अशा वेळीं खेळाचें स्वातंत्र्य राखण्यास कुंपणाची गरज होतीच. याच नियमाखालीं २०१५ सालीं कुवेतची व २०१७ आणि २०२१ सालीं पाकिस्तानची संघटना स्थगित झाली. परंतु कुंपण बाहेरच्या गुरांना अडवितें तसें आंत शिरूं पाहणाऱ्या मालकालाहि अडवूं शकतें. संघटनेच्या आंतच कांहीं बिघडलें, तर तें दुरुस्त करण्यास कोणी जावयाचें? न्यायालय गेलें तर तोच हस्तक्षेप ठरतो! भारताला या पेंचाचा अनुभव २०२२ सालीं आला, आणि त्याचे चटके महाराष्ट्र व गोमंतक यांना फार जवळून जाणवले.

त्या वर्षीं सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भारतांत भरावयाची होती. मूळ ठरलेली २०२० सालची स्पर्धा करोनाच्या सांथीमुळें रद्द झाली, व तिच्या बदल्यांत भारतास २०२२ चें यजमानपद मिळालें. भुवनेश्वर, मडगांव व नवी मुंबई हीं तीन स्थळें निश्चित झालीं. इकडे महासंघाची अंतर्गत स्थिति मात्र चमत्कारिक होती. महाराष्ट्रांतीलच नेते श्री. प्रफुल्ल पटेल हे २००९ पासून अध्यक्ष होते. राष्ट्रीय क्रीडासंहितेप्रमाणें अध्यक्षास बारा वर्षांहून अधिक काळ पदावर राहतां येत नाहीं. कार्यकारिणीची मुदत डिसेंबर २०२० मध्यें संपली. परंतु महासंघाच्या घटनेचा वाद न्यायालयांत पडून आहे, या कारणावरून नवी निवडणूक झालीच नाहीं. शेवटीं १८ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कार्यकारिणी दूर सारून तीन प्रशासकांची समिती नेमली. निवृत्त न्यायमूर्ति अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त शहाबुद्दीन कुरेशी आणि भारताचे एके काळचे कर्णधार भास्कर गांगुली हे तिचे सभासद.

या समितीच्या देखरेखीखालीं जी निवडणूक व्हावयाची होती तिच्यांत राज्य संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर छत्तीस नामवंत माजी खेळाडूंनाहि मत असावें, अशी योजना झाली. म्हणजे ज्यांनीं आयुष्यभर मैदानावर घाम गाळला त्यांना आपल्या खेळाच्या कारभारांत प्रथमच वांटा मिळणार होता. फिफास ही योजना मान्य झाली नाहीं. १५ ऑगस्ट २०२२ रोजीं, भारताच्या स्वातंत्र्यदिनीं, त्रयस्थांचा अनुचित प्रभाव हें कारण देऊन फिफानें भारतीय महासंघाचें सभासदत्व स्थगित केलें, आणि मुलींची जागतिक स्पर्धाहि ठरल्याप्रमाणें भारतांत घेतां येणार नाहीं असें कळविलें. स्पर्धेस तेव्हां दोन महिनेसुद्धां उरले नव्हते.

या आघाताचा पहिला तडाखा कोणास बसला? अध्यक्षास नव्हे, प्रशासकांस नव्हे, वा झुरिचमधील कोणा अधिकाऱ्यासहि नव्हे. गोकुलम केरळ या क्लबचा महिला संघ देशांतील स्पर्धा जिंकून आशियाई क्लब स्पर्धेसाठीं उझबेकिस्तानांत, ताश्कंद येथें जाऊन पोंचला होता. तेथें त्या मुलींना कळलें कीं, आपल्या देशाचें सभासदत्व गेलें असल्यानें आपणांस खेळतां येणार नाहीं. एकहि सामना न खेळतां त्या परतल्या. निवडणुका वेळेवर न घेण्यांत त्यांचा अपराध नव्हता. घटनेच्या वादांत त्यांची साक्ष कोणी काढली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात तें याहून निराळें काय असावें?

पुढील घडामोडी त्वरेनें झाल्या. २२ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रशासक समिती बरखास्त केली व खेळाडूंना मतदारयादींत घेण्याची योजना मागें घेतली. मात्र कार्यकारिणींत सहा नामवंत खेळाडू असावे, एवढी सोय राखली. २६ ऑगस्ट रोजीं स्थगिति उठली. २ सप्टेंबरच्या निवडणुकींत माजी गोलरक्षक कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मतांनीं निवडून आले. पराभूत झालेले उमेदवार होते भायचुंग भूतिया, म्हणजे आधुनिक भारतीय फुटबॉलमधील सर्वांत परिचित नांव. महासंघाच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यांत अध्यक्षपदीं खेळाडू येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, ही आनंदाची गोष्ट खरी; तथापि भूतियांना केवळ एक मत मिळावें यावरून मैदानावरील कीर्ति व मतदारयादींतील बळ या दोन वस्तु किती भिन्न आहेत हेंहि उघड झालें.

स्पर्धा ११ ऑक्टोबरला सुरू झाली. तत्पूर्वीं, सप्टेंबरच्या मध्यास, केंद्रीय मंत्रिमंडळानें फिफास द्यावयाच्या हमींना मान्यता दिली व मैदानांची निगा, वीज इत्यादींसाठीं महासंघास दहा कोटि रुपयांचें साहाय्य मंजूर केलें. अशा हमी हा यजमानपदाचा अविभाज्य भाग असतो. परदेशी संघांना प्रवेशपरवाने, सुरक्षितता, मालाची ने-आण, करांविषयीं सवलती, जाहिरातींचे हक्क, अशा अनेक बाबतींत यजमान सरकार आगाऊ शब्द देतें. स्पर्धा फिफाची, नांव फिफाचें, प्रक्षेपणाच्या हक्कांचें उत्पन्न फिफाचें. रस्ते, पोलीस, पाणी व मैदानें मात्र यजमानाचीं. लग्न एकाचें, मांडव दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. मांडवाचा खर्च सोसण्यास हरकत नसते. परंतु तो किती होणार व कोणाच्या पदरचा होणार, हें घरच्या मंडळींना आधीं कळावें, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणतां येणार नाहीं.

भारताच्या मुलींचे तिन्ही सामने भुवनेश्वरला झाले. अमेरिकेनें त्यांना ८-०, मोरोक्कोनें ३-० व ब्राझीलनें ५-० असें हरविलें. ३० ऑक्टोबर रोजीं नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेननें कोलंबियाचा एका गोलनें पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. यजमान मुलींना एकहि गोल करतां आला नाहीं, यांत त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या देशांत मुलींसाठीं जिल्हावार नियमित सामने होत नाहींत तेथें एका जागतिक स्पर्धेनें संघ तयार होईल कसा? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं. त्याच वर्षींच्या जानेवारींत मुंबई, नवी मुंबई व पुणें येथें महिलांची आशियाई स्पर्धा भरली होती. तिच्यांत करोनामुळें भारतीय संघास तेरा खेळाडूहि उभे करतां आले नाहींत, आणि नियमानुसार यजमान देशच स्पर्धेबाहेर गेला. पुढील जागतिक स्पर्धेंत जाण्याची त्या महिलांची संधि त्याबरोबर नाहींशी झाली. स्पर्धा मात्र महाराष्ट्रांतच पुढें चालू राहून पूर्ण झाली. यजमान आणि पाहुणा यांतील खरा मालक कोण, याचें उत्तर या एका प्रसंगांत सांपडतें.

भारतांतील हा अनुभव एकाकी नाहीं. २ डिसेंबर २०१० रोजीं फिफाच्या कार्यकारिणीच्या बावीस सभासदांनीं गुप्त मतदानानें २०१८ ची जागतिक स्पर्धा रशियास व २०२२ ची कतारला दिली. दोघां सभासदांना मतविक्रीच्या आरोपांवरून त्यापूर्वींच दूर ठेवावें लागलें होतें. २७ मे २०१५ रोजीं पहाटे झुरिचच्या एका आलिशान हॉटेलांत स्वित्झर्लंडच्या पोलिसांनीं फिफाचे कित्येक अधिकारी पकडले. अमेरिकेच्या सरकारनें चौदा जणांवर ठेवलेल्या आरोपपत्रांत पंधरा कोटि डॉलरांहून अधिक लांचेचा उल्लेख होता. दोनच दिवसांनीं अध्यक्ष सेप ब्लाटर पुन्हां निवडून आले, आणि त्यानंतर चार दिवसांनीं त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. न्यायाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ब्लाटर यांच्यावर स्वित्झर्लंडमध्यें जो खटला चालला त्यांत २०२२ सालीं व पुन्हां अपिलांत २०२५ सालीं ते निर्दोष सुटले. प्रत्येक आरोप सिद्ध होतोच असें नाहीं. पण ज्या संस्थेचे व्यवहार बंद दाराआड होतात तिच्याविषयींचे खरे व खोटे आरोप वेगळे करणें सामान्य माणसास अशक्य होऊन बसतें. गुप्ततेचा सर्वांत मोठा तोटा प्रामाणिक अधिकाऱ्यालाच होतो.

ब्राझीलची गोष्ट याहून बोलकी आहे. फुटबॉल तेथें घरोघरीं पूजिला जातो. तरी २०१३ सालीं, जागतिक स्पर्धेच्या आदल्या वर्षीं, लाखों लोक रस्त्यावर उतरले. फिफाच्या दर्जाचीं मैदानें बांधतां, तर त्याच दर्जाचीं रुग्णालयें व शाळा कां नाहींत, असा त्यांचा सवाल होता. ॲमेझॉनच्या अरण्यांतील मानाउस शहरीं बांधलेल्या भव्य क्रीडागारांत जागतिक स्पर्धेचे अवघे चार सामने झाले. त्या शहरीं पहिल्या श्रेणींतला एकहि क्लब नव्हता. म्हणजे लोकांचा राग खेळावर नव्हता. ज्यांचें खेळावर सर्वांत अधिक प्रेम, तेच सर्वांत अधिक चिडले होते.

या धक्क्यांनंतर फिफानें कांहीं सुधारणा केल्या, हें मान्य केलें पाहिजे. २०१६ मध्यें अध्यक्षाच्या कारकीर्दीस बारा वर्षांची मर्यादा घातली गेली. यजमान निवडण्याचा अधिकार मूठभर कार्यकारिणीकडून काढून सर्व सभासदांच्या सभेकडे देण्यांत आला. २०१८ सालीं अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांना १३४ विरुद्ध ६५ मतांनीं २०२६ ची स्पर्धा मिळाली, ती याच पद्धतीनें. परंतु ११ डिसेंबर २०२४ रोजीं २०३४ च्या स्पर्धेसाठीं सौदी अरेबिया हा एकच उमेदवार होता आणि त्याची निवड टाळ्यांच्या गजरांत झाली. दार उघडलें, पण आंत एकच पाहुणा बसलेला दिसला. अशानें संशय विरत नाहीं, बळावतो.

मग स्पर्धा भरवूंच नयेत काय? असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत भरली, तेव्हां तेरा लक्षांहून अधिक प्रेक्षकांनीं ती प्रत्यक्ष पाहिली. त्या वयोगटाच्या स्पर्धांतील हा उच्चांक होता. तिच्या निमित्तानें महाराष्ट्र शासनानें १५ सप्टेंबर २०१७ रोजीं एकाच दिवशीं दहा लक्ष मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम योजिला. ज्या मुलानें त्या दिवशीं प्रथमच चेंडूला पाय लावला असेल त्याच्या दृष्टीनें ती स्पर्धा व्यर्थ गेली असें कोण म्हणेल? प्रश्न एवढाच कीं, दुसऱ्या दिवशीं तो चेंडू कोठें गेला, आणि तो खेळण्यास मैदान उरलें काय.

म्हणून सुज्ञ नागरिकानें उत्साहाच्या भरांत न वाहतां, आणि सर्वच चोर आहेत असें म्हणून पाठहि न फिरवितां, चार गोष्टी विचारावयास शिकलें पाहिजे. स्पर्धा आपल्या गांवीं आणण्याचें कोणी ठरविलें, आणि ती चर्चा उघडपणें झाली काय? शासनानें वा नगरपालिकेनें ज्या हमी दिल्या त्या सही होण्यापूर्वीं लोकांस वाचावयास मिळाल्या काय? खर्च कोणाचा व उत्पन्न कोणाचें, याचा तपासलेला हिशेब स्पर्धा संपल्यावर प्रसिद्ध होणार आहे काय? आणि पाहुणे गेल्यावर मैदानाच्या किल्ल्या कोणाच्या हातीं राहणार? या चार प्रश्नांचीं उत्तरें जी संस्था मागितल्यावांचून देते तिला विश्वासाची भीक मागावी लागत नाहीं.

हे प्रश्न विचारण्याचीं साधनें आपल्या देशांत हळूहळू तयार होत आहेत. २०२५ सालीं संसदेनें राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यांत राष्ट्रीय क्रीडा मंडळ व क्रीडाविषयक तंट्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें सर्वोच्च न्यायालयानें फुटबॉल महासंघाच्या नव्या घटनेस मान्यता दिली, आणि पुढील महिन्यांत महासंघानें ती स्वीकारली. आठ वर्षें रेंगाळलेल्या वादाचा असा शेवट झाला. तथापि कायदा ही केवळ चौकट आहे. सरकारनें एक मालक काढून दुसरा बसविला तर हस्तक्षेपाविषयींची फिफाची भीति खरी ठरेल. आणि संघटनांनीं स्वातंत्र्याच्या नांवाखालीं हिशेब दडविला तर २०२२ चा प्रसंग पुन्हां ओढवेल. स्वातंत्र्य संघटनेस, पण हिशेब लोकांस, हा मध्यम मार्गच टिकण्याजोगा आहे.

सोलापूरला पाहुण्यांची सरबराई नवी नाहीं. दर जानेवारींत सिद्धेश्वराच्या यात्रेस येणारा जनसमुदाय हें शहर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आलें आहे. तशाच एका जानेवारींत, २०२४ सालीं, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पार्क मैदानावर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र व मणिपूर यांच्यामधील रणजी सामना झाला. जागतिक स्पर्धेच्या मानानें हा प्रसंग लहान. पण यजमानपदाचे प्रश्न लहान मोठ्या सर्व मैदानांवर तेच असतात. जेथें उन्हाळ्यांत नळाच्या पाण्यासाठीं दिवस मोजावे लागतात त्या शहराला हिरवळीवर पडणाऱ्या प्रत्येक घागरीचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्याच शहरांतील मुलीला संध्याकाळीं त्या हिरवळीवर खेळण्याचाहि अधिकार आहे. या दोन अधिकारांत मुळांत विरोध नाहीं. ज्या दिवशीं जिल्हा संघटनेच्या वार्षिक सभेचा हिशेब तिच्या आईवडिलांना शाळेच्या फलकावर सहज वाचावयास मिळेल, त्या दिवशीं झुरिचकडेहि तोच प्रश्न विचारण्याचें बळ भारताच्या अंगीं येईल. विश्वासाची सुरुवात शिडीच्या वरच्या टोंकापासून होत नाहीं. ती खालच्या पायरीपासूनच व्हावी लागते.